धागा: तिसरीच्या वर्गातला हिवाळा, संक्रांतीच्या एका दिवसापलीकडे

खडूची_धूळ
तिसरीचा वर्ग, ३८ मुलं, पुणे जिल्ह्यातली मराठी शाळा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत आठवड्यातून दोन तासिका कार्यानुभव आणि कलेसाठी मोकळ्या आहेत. प्रत्येकी ४० मिनिटं. खर्चाला साधारण हजार रुपये.

नेहमी होतं असं की संक्रांतीच्या आदल्या दिवशी घाईघाईत कागदी पतंग कापून भिंतीवर चिकटवायचे, दुसऱ्या दिवशी तीळगूळ वाटायचा आणि संपलं. तो भिंतीवरचा पतंग उडत नाही आणि तीळगूळ विकतचा असतो. माझं म्हणणं असं की हिवाळ्यात मुलांच्या आजूबाजूला इतकं काही चाललेलं असतं, ऊन बदलतं, शेतं बदलतात, जेवण बदलतं, तर ते सगळं मुलांच्या हाताखालून जावं. गोष्टी थोड्या असल्या तरी चालतील, पण खऱ्या हव्यात. तुम्ही काय घ्याल, आणि मुख्य म्हणजे काय फसतं ते सांगा.

ओळंबा
पहिलं काम सावलीच्या काठीचं. याला खर्च शून्य आणि ते महिनाभर पुरतं.

मैदानात एक मीटर काठी जमिनीच्या वर राहील अशी रोवा. गवंड्याकडून ओळंबा घ्या आणि दोन बाजूंनी लावून काठी उभी आहे ना ते बघा. काठी जराशी जरी कलली तरी सगळी मापं चुकतात. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य दिवसातला सर्वात उंच असताना येणारी सावली अशी:

२२ डिसेंबर: ९० सेंमी
१४ जानेवारी: ८३ सेंमी
३१ जानेवारी: ७२ ते ७३ सेंमी
२८ फेब्रुवारी: ५० सेंमी

बाराच्या ठोक्याला मोजू नका. पुण्यात सूर्य मध्यान्हीला येतो तो २२ डिसेंबरला १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास आणि संक्रांतीला १२:४४ च्या सुमारास. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर चालतात, पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून एवढा फरक. सोपा उपाय म्हणजे सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सर्वात आखूड सावली म्हणजे मध्यान्ह. मुलांनाच ती शोधू द्या.

निंबोणी
सावलीचं टोक धूसर येतं, त्यामुळे एक मूल ८२ म्हणतं, दुसरं ८४. मग भांडणं.

ओळंबा
येणारच. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, तबकडी आहे, त्यामुळे एक मीटर काठीच्या सावलीची कड सेंटीमीटरभर पुसट असते. काठीच्या माथ्यावर वहीच्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा आडवा बसवा आणि त्याला पेन्सिलीने अर्ध्या सेंमीचं भोक पाडा. भोक बरोबर काठीच्या रेषेत आणि एक मीटर उंचीवर यायला हवं, म्हणून पुठ्ठा काठीच्या कडेला खिळ्याने ठोकतात. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा ठिपका पडतो, त्याच्या मध्यावर खूण. भांडण मिटतं.

वऱ्हाडी_ऊन
नागपूरकडे २२ डिसेंबरला हीच सावली ९९ सेंमीच्या आसपास भरते, आणि मध्यान्ह १२:१२ लाच. दोन गावच्या शाळांनी एकाच दिवशी मोजून फोनवर आकडे कळवायचे. नऊ सेंटीमीटरचा फरक बघून मुलं विचारतात की काठी तर सारखीच होती ना?

पंचगंगेकाठी
कोल्हापूरचे ८४ जोडा त्यात! उत्तरेकडे जावं तशी सावली लांबते, हे तीन आकड्यांतच दिसतं. पुस्तकातल्या आकृतीने एवढं पटत नाही.

सुगडवाली
छान आहे हे. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं, तर काठीवर ते दिसेल ना?

ओळंबा
नाही ताई, इथेच जपून. सूर्याचं उत्तरेकडे सरकणं २१-२२ डिसेंबरला सुरू होतं. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. साधारण सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही एकाच सुमारास येत. पृथ्वीचा अक्ष संथपणे गिरकी घेतो, त्यामुळे ते सत्तरेक वर्षांना एक दिवस असे लांब होत गेले. तिसरीला अक्षाचं काही सांगू नये. "सावली कोणत्या दिवसापासून आखडायला लागली ते आपल्या तक्त्यात बघा" एवढं पुरे. आजी सांगते ती संक्रांत आणि काठी सांगते ती तारीख, दोन्ही तक्त्यावर लिहून ठेवायच्या. आजीला खोटं पाडायचं काही कारण नाही.

आणखी एक. सकाळच्या शाळेतली मुलं हमखास विचारतात की दिवस मोठा होतोय तर शाळेत येताना अजून अंधार का? त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पुण्याकडे वर्षातला सर्वात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर होतो, सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने.

आसारी
आता पतंगाकडे येतो. भिंतीवर चिकटवायच्या पतंगाला माझा पूर्ण विरोध. आमच्या येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, तिथे न उडणारा पतंग कुणी हातात धरत नाही.

तिसरीला जमेल असा पतंग:

पतंगी कागदाचा ३० सेंमी चौकोन. उभी दांडी कर्णाएवढी, म्हणजे ४२ सेंमी. कमान ४८ सेंमी. कमानीची दोन टोकं डाव्या-उजव्या कोपऱ्यांवर आणि तिची उंची मधोमध १० सेंमी. बांबूच्या कामट्या तासणं या वयाला नको, म्हणून खराट्याचे हीर घ्या. पण हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक असतो. एकाच हिराची कमान केली की एक बाजू कमी वाकते आणि पतंग त्या अंगाला ओढत राहतो. दहातले आठ पतंग इथेच फसतात. त्यासाठी दोन हीर उलटसुलट धरायचे, एकाचं जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी, आणि चार ठिकाणी दोऱ्याने बांधायचे. कमान तोलून बघायची ती बोटावर. मध्यावर ठेवली की आडवी राहिली पाहिजे.

कडा अर्धा सेंमी दुमडून आत दोरा घाला, नाहीतर पहिल्याच झुळकीला कागद कडेने फाटतो. कन्नीची, म्हणजे पतंगाला बांधायच्या दुहेरी दोऱ्याची, वरची गाठ दांडी आणि कमान जिथे ओलांडतात तिथे, खालची गाठ दांडीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला. भोकं पाडण्याआधी त्या जागी नखाएवढी कागदी थिगळं लावा. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे. गिरक्या घेतोय? शेपूट लावा, दोन बोटं रुंद, हातभर लांब. तरी घेतोय? शेपूट वाढवा.

निंबोणी
चिकटवायला काय? बाजारच्या गोंदाने पतंगी कागद ओला होऊन सुरकुततो.

आसारी
घरची खळ. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर ढवळायचं. पारदर्शक झाली की उतरवा. बोटाने अगदी पातळ फासायची. दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. पुस्तक बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात घालू नये.

वाचनकोपरा
मांज्याबद्दल लिहाच.

आसारी
लिहायलाच हवं. नायलॉनच्या आणि कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, विक्री, साठा आणि वापर सगळ्यावर. शाळेत काचेची पूड लावलेला सुती मांजाही नको. साधा सुती शिवणाचा दोरा एवढ्या पतंगाला पुरतो. फिरकी म्हणून रिकामं रीळ. गच्ची नको, मोकळं मैदान हवं, आणि वीजतारांपासून लांब. वेळ अकरा ते तीन. पहाटे आणि संध्याकाळी पक्ष्यांची ये-जा असते. उडवून झालं की दोऱ्याचा प्रत्येक तुकडा वेचून पिशवीत भरायचा. उरलेला दोरा किती मोठा हे हातांनी मोजलं की तेही गणित झालं.

साखरकाटा
हलव्याचे दागिने घ्या ना कुणीतरी. मुलींना आणि मुलांनाही फार आवडतात.

सुगडवाली
हलवा वर्गात होत नाही. परातीत तीळ किंवा खसखस मंद आचेवर ठेवून एकतारी पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि हाताने सतत हलवत राहायचं, तेव्हा कुठे काटा येतो. तासन् तास जातात, कधी दोन-तीन दिवस बसावं लागतं. शिवाय हवा कोरडी आणि गार लागते. ढगाळ दमट दिवशी दाणे चिकटतात आणि काटा बसून जातो. विकतचा पाव किलो आणून मुलांना भिंगातून काटा दाखवा, तेवढंच करा.

दागिने करायचे तर हलवा ओवता येत नाही. सुईने टोचलं की दाणा फुटतो, म्हणून तो दोऱ्याने गाठवतात. आठ-नऊ वर्षांच्या हातांना ते झेपत नाही. त्याऐवजी बारीक साबुदाणा. पुठ्ठ्यावर बाजूबंद, मुकुट, हार यांचे आकार कापा, त्यावर काळं कापड चिकटवा, मग फेव्हिकॉलच्या रेषेवर साबुदाणा एकेक करून मांडा. पुठ्ठा आधी पोटाशी वाकवून दंडाच्या आकाराचा करून घ्या. सपाट वाळवून मग वाकवला की सगळे दाणे टपाटप गळतात. वाळायला हिवाळ्यातल्या उन्हात तीन-चार तास. मुंग्यांचा त्रास नाही, आणि पुढच्या वर्षीही वापरता येतात.

खडूची_धूळ
वाकवून मग चिकटवायचं, हे नोंदवून घेतलं. तीळगुळाचं माप देईल का कुणी? वर्गात शेगडी पेटवायची नाही.

चुलीपाशी
पाकाशिवायचा कुटाचा लाडू. ३८ मुलांना प्रत्येकी दोन: भाजलेले तीळ ५०० ग्रॅम, भाजून सोललेले दाणे २५० ग्रॅम, साधा गूळ ५०० ग्रॅम, भाजलेला खोबऱ्याचा कीस १०० ग्रॅम, वेलची. तूप दोनच चमचे. चिक्कीचा गूळ आणू नका, तो पाकासाठी असतो, किसून वळत नाही. भाजणं घरून करून आणा, बाकी सगळं मुलं करतील. दाणे सोलणं आणि पाखडणं हाच मोठा उद्योग, त्याला एक तासिका.

खलबत्त्यात तीळ आणि गूळ एकत्र कुटायचे. तीळ पूर्ण फुटून तेल सुटलं की मिश्रण मुठीत धरलं तरी बसतं. लाडू फुटत असेल तर कुटणं कमी पडलंय, तूप वाढवू नका, आणखी कुटा. अगदी गार सकाळी गूळ घट्ट होतो, तेव्हा परात दहा मिनिटं उन्हात ठेवा.

मिशिगनची_थंडी
आठवडाभर आधी पालकांना विचारून घ्या की कुणाला तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का. इकडच्या रविवारच्या मराठी शाळा बहुतेक भाड्याच्या शाळांत भरतात आणि तिथे दाणे चालतच नाहीत. अमेरिकेत जानेवारी २०२३ पासून तीळही मुख्य ॲलर्जीकारक अन्नांच्या यादीत आहे, त्यामुळे इकडे साबुदाण्याचे दागिने आणि भेटकार्डं यांवरच संक्रांत होते. बर्फात पतंगही नाही. पण सावलीची काठी इथेही रोवता येईल! अंगणात बर्फ असला तरी खिडकीत छोटी काठी ठेवून. आकडे कळवा, आम्हीही कळवू.

ओळंबा
नक्की. तुमच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला सावली काठीच्या दुपटीहून जास्त येईल. मुलांना तुमचा आकडा खोटा वाटेल, तेव्हा फोटो हवाच.

वाचनकोपरा
आईवर्गाला बोलावून हळदीकुंकूही ठेवता येईल त्याच दिवशी.

निंबोणी
मला हे शाळेत नको वाटतं. हळदीकुंकवाला विधवा आईला बोलावलं जात नाही, आणि वर्गात तिचं मूल बसलेलं असतं. बाबांना आणि आजोबांनाही जागा नाही. शाळेत करायचं तर सगळ्यांचा तीळगूळ समारंभ करावा.

वाचनकोपरा
घरी आणि गावात चालत आलेली गोष्ट आहे, लगेच तोडायची का? बाया त्या निमित्ताने शाळेत येतात तरी.

सुगडवाली
येऊ देत की, सगळ्याच येऊ देत. कुंकवाच्या जागी तीळगूळ ठेवला आणि वाण म्हणून मुलांनी रंगवलेलं सुगड दिलं तर कुणालाच वगळावं लागत नाही. निमंत्रणावर "पालक" लिहा. मुलांनी घरच्यांना द्यायचं, म्हणजे कुणाला द्यायचं ते मूल ठरवेल.

वाचनकोपरा
हे पटलं. पालकच लिहू.

मांडवीपार
गोव्याकडून. नाताळचं नक्षत्र कुणीच लिहिलं नाही! सांगाडा तुमच्या चांदणीच्या आकाशकंदिलाचाच. ३० सेंमीच्या दहा कामट्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या बांधायच्या, मग पाचही टोकं एकमेकांना बांधायची, आणि आतल्या पाच छेदांच्या जागी ७-८ सेंमीच्या काड्या मध्ये घालून दोन चांदण्या फुगवायच्या. कामट्या एकीखालून एकीवरून विणल्या नाहीत तर चांदणी मुरगळते. पतंगी कागद, आत एलईडीचा छोटा दिवा, तापणारा बल्ब नको. चौघांच्या गटाला एक. दिवाळीतल्या कंदिलांचे फाटके सांगाडे घरोघरी पडलेले असतात, ते मागवून नवा कागद लावला की निम्मं काम वाचतं.

तारपा
आमच्या डहाणू-जव्हारकडे भातकापणी झाली की तारप्याचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तालावरचा, नाच, म्हणून वारली चित्र हिवाळ्याचंच. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, मुलांना एवढं नक्की सांगा.

खोक्याचा पुठ्ठा घ्या. गेरू पाण्यात दाट कालवा, वाटीभर गेरूला चमचाभर फेव्हिकॉल, नाहीतर वाळल्यावर बोटाला लागतो. पांढऱ्यासाठी तांदूळ चार तास भिजवून अगदी गुळगुळीत वाटायचा आणि त्यात थोडं डिंकाचं पाणी. ओला असताना ही रेघ दिसतच नाही, वाळली की पांढरी उमटते. मुलं "दिसत नाही" म्हणून दोनदा-तीनदा फिरवतात आणि रेघ जाड होते. आधीच सांगून ठेवा. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक ठेचून.

नाच काढताना मुलं बाहेरून सुरू करतात आणि मध्ये तारपावाल्याला जागाच उरत नाही. आधी मध्ये तारपावाला, मग खडूने फिकट चकली, मग त्या रेषेवर माणसं. माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक. हात एकमेकांच्या कमरेमागे, सुटे नाहीत.

गोधडीकर
माझी एकच भर: वर्गाची गोधडी. प्रत्येकाने घरून जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा २० सेंमी चौकोन आणायचा. ३८ मुलांचे ३८, एक बाईंचा, एक पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचा, असे ४०. शिवणीला चारी बाजूंनी दीड सेंमी सोडलं तर एका तुकड्याचे १७ सेंमी उरतात. आठ बाय पाच मांडणीत गोधडी १३६ बाय ८५ सेंमी. हे गणित मुलांकडूनच करून घ्या.

धावदोरा, टाका अर्ध्या सेंमीचा. दोरा हातभरच ओवा, लांब घेतला की गुंततो. सुया दहाच, मोजून द्यायच्या आणि मोजून स्पंजात टोचून परत घ्यायच्या. एकही कमी असेल तर तास संपला तरी कुणी उठायचं नाही. पॉलिस्टरचे तुकडे नकोत, सुई सरकते आणि कड उसवते. पहिली-दुसरीला हेच कागदावर.

शब्दवेडी
आणि त्या गोधडीच्या तुकड्यांवर शब्द! हुडहुडी, गारठा, दव, धुकं, शेकोटी, कानटोपी, काकडणं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, कागदोपत्री अहवाल द्यावाच लागतो, तर तो अशा कामाचा द्या. शब्द पेन्सिलीने लिहून उलटटीपेने भरायचे. जोडाक्षरांचे शब्द टाळा, दोरा वळत नाही.

वऱ्हाडी_ऊन
भोगीच्या भाजीचं काय? भोगीच्या आदल्या दिवशी वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, तूर अशा शेंगा वर्गात आणा. प्रत्येक गटाला दहा-दहा शेंगा. सोलायच्या, दाणे मोजायचे, फळ्यावर स्तंभालेख. घाट्यात एक-दोन दाणे, वाटाण्यात सहा-आठ. मोजून झाल्यावर दाणे पोषण आहाराच्या भाजीत. तीळ लावलेली बाजरीची भाकरी सोबत झाली तर फारच उत्तम.

साखरकाटा
काळे कपडे का घालतात, याचाही प्रयोग होतो. सारख्या दोन बाटल्या, २०० मिली पाणी, एकीला काळं कापड, दुसरीला पांढरं, तासभर उन्हात, मग तापमापी. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवा. एक फरशीवर आणि एक मातीत ठेवली की प्रयोग बिघडतो.

खडूची_धूळ
सगळ्यांचे मनापासून आभार. बारा तासिकांत एवढं बसणार नाही, म्हणून निवडलं ते असं. काठी १८ डिसेंबरला रोवायची आणि रोज दोन मुलांनी मापायची, तिला तासिका लागत नाही. डिसेंबरच्या तीन तासिका नक्षत्राला, जुन्या सांगाड्यांवर. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन, त्या आठवड्यात गोधडी सुरू, कारण सुई मुलांच्याही हातात द्यायची आहे. गोधडीला चार तासिका. पतंगाला दोन, तीळगुळाला एक, शेंगांना एक. एक तासिका सुगडांना. वारली फेब्रुवारीत ढकलते, हलव्याचे दागिने पुढच्या वर्षी.

एकच अडचण उरली. सुगडं कच्च्या रंगाची असतात, पोस्टर रंग शोषून घेतात आणि फिके पडतात. काय करू?

सुगडवाली
आदल्या दिवशी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून एक हात बाहेरून मारा आणि रात्रभर वाळू द्या. मग रंग वर राहतो. आतून काहीही लावू नका, त्यात बोरं, हरभरे आणि उसाचे करवे भरायचे आहेत. आणि सुगडं चाळीसऐवजी पंचेचाळीस आणा, रंगवताना चार-पाच फुटतातच.

ओळंबा
काठी झाडापासून लांब रोवा. डिसेंबरमध्ये सावली लांब असते, जागा उत्तरेकडे दीड मीटर तरी मोकळी हवी.